दोन खळगे

वस्तू लपवणं ही माझी नोकरी आहे.
औलूत, विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावर,
जिथं नोव्हेंबरात तीन वाजताच दिवे लावावे लागतात.
एका फळीत दोन खळगे, त्यांवर राखी लोकरीचे दोन तुकडे,
आणि एक लाकडी बदक, निळं,
चोचीचा रंग तेरा वर्षांत चाटून चाटून गेलेला.

सहा महिन्यांचा वेइक्को बदक बघतो,
हात पुढे करतो, मी कापड टाकते,
आणि हात हवेतच विसरतो
कशासाठी निघाला होता.
रडत नाही. रुसत नाही.
माझ्या चष्म्याकडं वळतो, बदक जणू कधी नव्हतंच.
या वयात नजरेआड सृष्टी नसते.
झाकलं ते संपलं,
आणि संपल्याचं दुःखही त्याच कापडाखाली.

मग कधीतरी बोटं कापडाची कड धरतात.
आधी नुसती कडच, कापडच हवं असल्यासारखी.
खाली बदक निघतं, तेव्हा चेहऱ्यावर जे येतं
ते मी लिहीत नाही.
लिहायचं असतं : शोधलं, चार सेकंद.

गंमत पुढं आहे.
डाव्या खळग्यात लपवा, सापडतं.
पुन्हा डाव्या. पुन्हा सापडतं.
मग त्याच्या डोळ्यांदेखत, सावकाश,
बदक उजवीकडं ठेवा, झाका,
मनात सात आकडे मोजा.
हात डावीकडं जातो.
रिकामा खळगा चाचपतो, बुडाशी नख घासतो.
आणि पुष्कळदा नजर उजवीकडंच असते बरं का,
बरोबर जागी खिळलेली.
डोळ्यांनी पाहिलंय, हाताला पटलेलं नाही.
आया ओशाळतात. हिल्लेवीनं तर विचारलंच,
"हा मंद तर नाही ना?"
म्हटलं, नाही हो.
जिथं एकदा मिळालं
तिथं हात जातोच.

आर्मास चार वर्षांचा असताना गायब झाला होता.
उन्हाळी घर, तळं, काठावर त्याचा एकच बूट.
मी कमरेपर्यंत पाण्यात शिरले होते.
तो सौनामागं, बर्चच्या ओंडक्यांच्या राशीमागं,
मुठीत गोगलगाय धरून,
माझ्या हाका ऐकत गप्प बसलेला.
आता सव्वीसचा आहे. तुर्कूला, गोदीत कामाला.
पत्ता फ्रिजवर चिकटवलाय.
फेब्रुवारीपासून फोन नाही.
गेल्या रविवारी घर बंद करायला गेले,
दाराला कुलूप घातलं, गाडी सुरूच होती,
आणि मी सौनामागं जाऊन वाकून बघितलं.
ओंडके.
ओल्या सालीचा वास.

आज इल्ता आली होती. दहा महिने, खालचे दोन दात.
बदक उजवीकडं. सात आकडे.
तिनं डाव्या कापडाला हात लावला, थांबली,
उजवं उचललं,
बदक बघितलं, आणि दिलं फेकून.
मग ते कापड स्वतःच्या तोंडावर ओढलं
आणि गप्प बसली.
कापड श्वासागणिक आत, बाहेर.
खाली दोन पाय, एक मोजा निसटलेला.

याच्यासाठी नोंदवहीत रकाना नाही.
तिची आई हसू दाबत होती, घड्याळ चालूच.
मी टेबलाखाली वाकले. खण उघडून बघितला.
डाव्या खळग्यात बोट घालून बघितलं.
"इल्ता कुठं गेली?" मी विचारलं,
जरा जास्तच मोठ्यानं.